धाकट्याला झूल

वरकुट्यात अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी प्रश्न आला तो हा, की बघायला कोण जाणार. मुलगी बघायला जाणारी माणसं गावात ठरलेली असतात, बैल बघायला जाणारीही असतात. संगणक बघायला कुणी जायचं, हे गावाला ठाऊक नव्हतं.

ग्रामपंचायतीनं रक्कम मंजूर केली होती. रक्कम एक आणि तिच्यावर मन जडलेली माणसं दोन.

पहिली माधवी. गावची सून, माहेर नरसिंहपूरचं. लग्नाआधी तिनं मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा काढलेल्या. गावातल्या आठ मुली तिच्या पडवीत बसून पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं आपटायच्या. पुठ्ठ्यावर चूक दिसत नाही, म्हणून सगळ्याच हुशार. इंदापूरला क्लास होता, पण येताना एसटी हुकली की घरात एकच वाक्य निघायचं, "राहू दे आता ते." दोघींचं तसं राहिलंही. उरलेल्या सहाजणींची परीक्षा तोंडावर आली होती. गावात मशीनं आली तर त्या टिकणार होत्या. आणि एका मशीनवर सहाजणींची साठ बोटं बसणार नव्हती.

दुसरा युवराज, उपसरपंचांचा पोरगा. त्याला एकच संगणक हवा होता, पण असा, की शेजारच्या गावानं येऊन बघत उभं राहावं. त्याच्या मोबाईलमध्ये त्या संगणकाचा फोटो होता. काचेचा डबा आणि आत निळे, जांभळे, तांबडे दिवे. तो फोटो तो लेकराचा दाखवावा तसा दाखवायचा.

भांडण नको म्हणून तिसरा माणूस जोडला, गेणूतात्या. तात्या म्हणजे जुने हेडी. चाळीस वर्षं बैलांची खरेदी-विक्री केलेला माणूस. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तात्यांचा धंदा गेला, पण गावाचा विश्वास राहिला. तात्यांना कोणी फसवू शकत नाही, असा तो विश्वास. तात्यांनी किती जणांना फसवलं, हा भाग गाव मोजत नव्हतं. निवड काय करायची ते तात्याच सांगतील, असं ठरलं.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात हैदरचं दुकान. सुटे भाग आणून संगणक जुळवून द्यायचा त्याचा धंदा. तात्या आत शिरले, धोतराचा सोगा सावरला आणि मांडून ठेवलेल्या संगणकाभोवती एक पूर्ण फेरी मारली. पाठीवर थाप मारली. मागची वायर शेपटी उचलावी तशी उचलून पाहिली.

"वय काय?"

"नवा हाय, तात्या," हैदर म्हणाला.

"सगळेच असं म्हणत्यात."

युवराजनं काचेच्या डब्याकडं बोट केलं. हैदरनं बटण दाबलं, तसे आत दिवे फिरायला लागले. युवराजचा चेहरा त्या उजेडात निळा झाला, जांभळा झाला आणि शेवटी नवरदेवासारखा तांबडा झाला. किंमत ऐकली तर अख्खी रक्कम त्या एकातच संपत होती.

माधवीनं हळूच विचारलं, "आणि कमीतला?"

हैदरनं कोपऱ्यातला टिनाचा काळा डबा पुढं ओढला. "ह्यात सेलेरॉनची चिप हाय. त्या रकमेत असले पाच बसतील."

"पाच?" तात्यांनी भुवई उचलली. "मग ह्याच्यात खोड असणार. स्वस्त जनावराला खोड असतीच. सांग काय ती."

"खोड न्हाय, तात्या. ही एकाच घरातली भावंडं. थोरला आय-सेव्हन, त्या काचंच्या डब्यात हाय तो. मधले दोघंतिघं. आन् धाकटा ह्यो सेलेरॉन. घर एक, माती एक. वाटणीत धाकट्याला कमी आलं, एवढंच. थोरला दहा कामं एका दमात उचलतो, ह्यो दोन उचलतो. पण उचललेलं मधीच टाकत न्हाय."

"आन् लईच लादलं तर?"

हैदर जरा घुटमळला. "लईच लादलं तर... बसून घेतो."

"बसतो?" तात्या एक पाऊल मागं सरले. "आरं, बसका बैल मी कधी दारात उभा केला न्हाय."

"तुमी न्हाय केला, तात्या. आमच्या अब्बाच्या दारात केला."

मुजफ्फरभाई, हैदरचे वडील, तेही हेडी. इंदापूरच्या बाजारात तात्यांनी त्यांना एक खिलारी बैल विकला होता. खांद्यावर जुवाची जुनी जखम होती, तात्यांनी ती दिव्याच्या काजळीनं रंगवून झाकली होती. वाटेत वळवाचा पाऊस आला आणि घरी पोचेपर्यंत बैल उघडा पडला.

"त्यो बसका नव्हता," तात्या शांतपणे म्हणाले. "नुसता रंगवलेला होता. तब्येत कशी हाय त्याची? मजेत ना मुजफ्फर?"

"मजेत हायत. रोज तुमची याद काढत्यात."

तात्यांनी त्या आठवणीची जास्त चौकशी केली नाही. म्हणाले, "दोन्ही मशीनं गावाला ने. आठ दिवस जुपून बघू. पण ज्या कामाला घ्यायचं, त्याच कामाला जुपायचं. मोटंच्या बैलाची परीक्षा शर्यतीत होत न्हाय. टायपिंगला पायजे, तर टायपिंगच. आठव्या दिशी गाव काय म्हणतंय ते ऐकतो आन् मी शब्द देतो."

युवराज खूश झाला. तो तात्यांना चहाला घेऊन गेला. माधवी दुकानात थांबली, कारण तिला कळून चुकलं होतं की गाव काय म्हणणार. पोळ्याला गाव बैल बघत नाही, आधी झूल बघतं. काचेत दिवे फिरत असताना टिनाच्या डब्याकडं कोण फिरकणार?

"हैदरभाई," ती म्हणाली, "ह्या दोघांच्या पोटातलं अदलाबदल करता येतं का?"

हैदरनं तिच्याकडं बघितलं. मग काचेच्या डब्याकडं. मग दाराबाहेर, जिथं तात्या बशीत चहा ओतून फुंकत बसले होते.

"म्हंजी धाकट्याला झूल घालायची?"

"आठच दिवस."

"ताई, मी असलं करत न्हाय. आपलं दुकान इमानाचं हाय." तो खुर्चीवर बसला, लगेच उठला. "पण आमचे अब्बा म्हणत्यात, गेणूनं मला फसवलं ह्याचं दुःख न्हाय, गेणूला कुणीच फसवलं न्हाय ह्याचं हाय." त्यानं पेचकस शोधला. "पाऊण तास लागंल. तुमी तितं जाऊन तात्यांना दुसरा चहा पाजा."

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत दोन्ही मशीनं शेजारी शेजारी बसली. काचेच्या डब्यात धाकटा, टिनाच्या डब्यात थोरला. हे ठाऊक असलेली गावात एकटी माधवी.

टाईप काय करायचं, यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि मग गेणूतात्यांची बायको कुशाबाई जमिनीवर मांडी घालून बसली. "मी म्हणते, तुमी उतरवा," ती म्हणाली. कुशाबाईच्या पोटात ओव्यांचा साठा होता. लहानपणी जात्यावर बसलेली बाई. पिठाची गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या कोपऱ्यात बसायला तयार नव्हत्या. छकुली, सहाजणींतली सगळ्यात चपळ, काचेच्या डब्यापुढं बसली. दुसरी टिनाच्या. कुशाबाईनं गळा मोकळा केला.

*शेजी पुसती मला बाई, सून गावाची करती काय*
*बोटांनी दळती पीठ, जात्याला गं खुंटा न्हाय*

छकुलीची बोटं पळाली. पडद्यावर अक्षरं उमटली, बाई थांबली तशी अक्षरंही थांबली. धाकट्यानं एक वेलांटी मागं ठेवली नाही.

"बघा," युवराज मागं उभ्या असलेल्या लोकांना म्हणाला, "ह्येला म्हणत्यात आय-सेव्हन. तोंडातनं शब्द निघायच्या आत पडद्यावर हाय. आन् त्ये टिनाचं बघा, दम लागलाय त्येला."

लोकांनी टिनाच्या डब्याकडं बघितलं आणि खरंच सगळ्यांना दम दिसला. एकजण म्हणाला, अक्षरंसुद्धा जरा बारकी येतात. दुसरा म्हणाला, स्वस्ताचा माल आवाजावरनंच कळतो. थोरला टिनात बसून सगळं ऐकून घेत होता. मोठ्यांना असं ऐकून घ्यायची सवय नसते, पण त्याला तोंड नव्हतं.

माधवीनं पदर तोंडाला लावला. खोकल्यासारखं काहीतरी केलं.

चौथ्या दिवशी दुपारी अभ्यासिकेत कुणी नाही असं बघून युवराजनं काचेच्या डब्यात एक गेम घालून बघितला. दिवे जोरात फिरले, पडद्यावरचा शिपाई एक पाय उचलून उभा राहिला आणि उभाच राहिला. माधवी दारात आली तेव्हा युवराज घाम पुसत होता.

"काय झालं, भावजी?"

"काय न्हाय, वहिनी. नेट स्लो हाय आपल्याकडं. टॉवर भिगवणच्या बाजूला हाय ना."

"तरीच," माधवी म्हणाली.

तात्या रोज येत. पण ते मशीनपुढं कधी बसले नाहीत. मागं भिंतीशी खुर्ची टाकून, पाठमोऱ्या डब्यांकडं बघत, तंबाखू मळत बसत. लोक म्हणाले, तात्यांना काही कळत नाही, म्हणून मागं बसतात. कुशाबाईनं तर भर वर्गात ओवी घातली.

*बैलाच्या खांद्याचा डाग, धन्यानं झाकला काजळानं*
*उघडा पाडला गं त्येला, वळवाच्या त्या पावसानं*

"ही उतरवू नका गं," तात्या मागून म्हणाले. तोवर छकुलीनं उतरवलीसुद्धा होती.

सहाजणी मात्र आठ दिवसांत बदलल्या. पुठ्ठ्यावर हुशार असलेल्यांना पडद्यानं चुका दाखवल्या. एक रडली, दोघी हसल्या. मग रडलेलीच्याच चुका सगळ्यांत कमी झाल्या. एका मशीनवर तिघी, पाळी पाळीनं. जिची पाळी नसेल तिची बोटं मांडीवर नाचत राहायची. माधवी ती बोटं बघायची. लबाडी सुरू करताना गंमत होती, पण सातव्या दिवशी तिला झोप लागेना. उद्या तात्या काचेच्या डब्यावर बोट ठेवणार, 'ह्याच्या पोटातलंच टिनात घालून देतो' म्हणत हैदर पाच धाकटे आणून देणार आणि कधीतरी, कुठल्यातरी पोराला, एखाद्या पेचकसाला हे कळणारच. मग गाव म्हणेल, बाईनं फसवलं. ज्या सहा घरांनी आता कुठं पोरींना अभ्यासिकेत सोडलं होतं, ती घरं सगळ्यात आधी दार लावतील.

आठव्या दिवशी हैदर आला. अभ्यासिका भरली होती. सहाही मुली खिडकीशी दाटीनं उभ्या. तात्यांनी गावाला विचारलं, कोणतं? गाव एका आवाजात काचेच्या डब्याकडं वळलं.

"बरं," तात्या म्हणाले. त्यांनी हैदरकडं न बघता माधवीकडं बघितलं. "सूनबाई, हितं रोज तू व्हतीस. आमच्या धंद्यात एक नेम हाय. इसार हातावर ठेवायच्या आदी इचारायचं, जनावरात खोड हाय का. मी चाळीस वर्षं इचारलं. खरं सांगणारा एक बी भेटला न्हाय. मी सोता बी कुणाला सांगितलं न्हाय. पण इचारायचं. हाय का खोड?"

माधवीला वाटलं, नाही म्हणावं. एका शब्दाचं काम. खिडकीशी छकुली तिच्याकडं बघत होती. मांडीवर नाचणारी बोटं आता गजावर होती, गप्प.

"हाय, तात्या," ती म्हणाली.

हैदरनं बाकावर अंग चोरलं.

"काचंच्या डब्यात थोरला न्हाय. धाकटा हाय, सेलेरॉन. थोरला टिनात. मीच हैदरभाईंना बदलायला लावलं. तुमी सगळी झूल बघून ठरवणार हे मला माहीत व्हतं. म्हणून झूल धाकट्याला घातली."

युवराज उठला. "वहिनी, म्हंजी आठ दिवस मी..." त्याला वाक्य पुरं करायचं नव्हतं, कारण आठ दिवस तो काय काय म्हणाला, ते समोरच्या प्रत्येकाला पाठ होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "युवराज, टिनाच्याला लई दम लागला व्हता न्हाय का?" आणि हसण्याची एक लाट मागच्या बाकापासून पुढं आली.

"हसताय काय," युवराज म्हणाला, "फसवणूक हाय ही. तात्या, तुमी बोला की."

"मला दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं," तात्या म्हणाले.

आता हैदर उठला. "कसं काय?"

तात्यांनी उजव्या हाताची उलटी बाजू पुढं केली, सुरकुतलेली, केस पांढरे झालेली. "बैलाच्या नाकापुढं ह्यो हात धरायचा. श्वास सांगतो आत काय दडलंय. टिनाचा डबा मागनं गरम वारा सोडत व्हता. म्हंजी ताकद लई आन् काम थोडं, नुसता फुरफुरतोय. काचंचा थंड. निवांत. दिव्यांचा एवढा तोरा आन् श्वास शेळीचा? मी म्हणलं, हितं काजळी लागलीया."

"मग बोलला का न्हाय?" कुशाबाईनं विचारलं.

"बघत व्हतो, पोर कबूल करती का माझ्यासारखी दडपून नेती." तात्या गावाकडं वळले. "आता मला सांगा. आठ दिवस धाकट्यानं टायपिंगचं काम केलं का न्हाय? केलं. कुठं बसला का?"

"एकदा बसला," युवराजच्या तोंडून निघून गेलं.

"कधी?"

युवराजनं घाम पुसला. माधवीनं छताकडं बघितलं.

"टायपिंगच्या कामात न्हाय बसला," युवराज शेवटी पुटपुटला. "म्हंजी तसं बघितलं तर... चालतं की."

"मग धाकटेच घेऊ. हैदर, ये हिकडं."

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हैदरच्या उजव्या हातावर टाकलं. आपलाही हात आत घातला. तरुण पोरांनी असलं काही बघितलं नव्हतं, ती बाकांवर चढली. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. उपरण्याखाली बोटं धरायची, सोडायची, दाबायची. जगाला दिसतात ती फक्त दोघांची तोंडं, आणि ती तोंडं पक्की खोटी बोलतात.

हैदरच्या अब्बानं त्याला ही भाषा लहानपणी शिकवली होती. दुकानात तिचा कधी उपयोग झाला नव्हता. आता उपरणं हलू लागलं, कापडाखाली दोन उंदीर भांडावेत तसं. तात्यांचा चेहरा भजनाला बसल्यासारखा. हैदरचा आधी हसरा, मग विचारात, मग पडलेला.

"तात्या, हे न्हाय जमत."

"इमानाचं दुकान हाय न्हवं तुझं?"

"हायच की."

"मग बोट सरळ कर."

उपरणं पुन्हा हललं. बराच वेळ. कुशाबाईनं विचारलं, चहा ठेवू का जेवण? कुणीतरी म्हणालं, मुक्कामाचीच तयारी करा. शेवटी हैदरनं हात बाहेर काढला, झटकला आणि तिथल्या तिथं हसत सुटला.

"काय ठरलं?" माधवीनं विचारलं.

"खोड कबूल झाली की भाव उतरतो, ह्यो बी नेम हाय," तात्या उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले. "बदलाबदलीत ह्यो सामील व्हता, त्येचा दंड येगळा. सहा मशीनं. आन् काचंचा डबा त्यातल्या एकाला तसाच ऱ्हाऊ दे. गावाचा जीव लागलाय त्येच्यावर."

खिडकीशी सहाजणींनी एकमेकींकडं बघितलं, बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

हैदर जाताना तात्यांच्या पाया पडला. "अब्बाला काय सांगू? फसवलं म्हणून सांगू का?"

"सांग की. एक दिवस फसलो व्हतो, पहिला. म्हातारा दोन घास जास्त खाईल."

वर्ग सुरू झाला. सहा मशीनं, सहा मुली, एकीला एक. माधवीला वाटलं होतं, आता भांडण उरलं नाही. पहिल्याच सकाळी छकुली आणि दुसरी एक काचेच्या डब्यापुढच्या खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसलेल्या दिसल्या. दोघींच्या वेण्या एकमेकींच्या हातात.

"सगळ्यांच्या पोटात एकच हाय गं," माधवीनं सांगितलं. "तुमच्या डोळ्यांदेखत हैदरभाईंनी उघडून दाखवलंय. सहा सेलेरॉन. मोठ्या शंकरपाळीएवढे, सगळे सारखे."

"माहीत हाय, मॅडम," छकुली म्हणाली आणि खुर्ची सोडली नाही.

पाळी लावली, पाळीवरून भांडण झालं. चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी चोरली गेली. शेवटी एके दिवशी मुली यायच्या आधी माधवीनं काचेचा डबा उघडला आणि दिव्यांची वायर काढून ठेवली. ना निळं, ना जांभळं. आता सहाही सारखे.

त्या दिवशी पाळी छकुलीची होती. ती बसली, दोन ओळी केल्या आणि थांबली. पुन्हा दोन ओळी केल्या. कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, ह्याला काय झालं? आज लई जड चालतंय."

शेजारचीनं वाकून बघितलं. "व्हय की. अक्षरं दमानं येत्यात."

माधवी पेचकस घेऊन खाली वाकली आणि वायर पुन्हा लावली.

"आता बघ," ती म्हणाली.

दिवे फिरले. छकुलीची बोटं पळाली. "आता बरं पळतंय," ती म्हणाली, आणि परीक्षेला सहाजणींत सगळ्यात जास्त वेग तिचाच आला.